व्याह्यांच्या ताटातली पहिली रोटी

पाहुणे चामोर्शीहून निघाल्याचा फोन येऊन गेला, तरी रुखमावहिनी एका जागी बसेना. ओसरीतून अंगणात, अंगणातून मागच्या परसात, तिथून पुन्हा ओसरीत. उजवा हात निळ्या पट्ट्यात पोटाशी बांधलेला, आणि त्याला सांभाळत चालायचं म्हणून सगळं अंग डावीकडे कललेलं. नव्या लुगड्याचा पदर सारखा पट्ट्याच्या कडीत अडकायचा. तो सोडवायला कोणाला तरी हाक मारावी लागायची, आणि तेच तिला जमत नव्हतं. या घरात ती आल्यापासून हाका तिलाच आल्या होत्या. तिनं हाक मारावी आणि दुसऱ्यानं धावत यावं, ही रीत तिच्या अंगाला अजून बसली नव्हती.

"वच्छलाबाई, तो मांडववाला खुर्च्या उन्हात टाकून गेला. कोणी पाह्यते का नाई?"

"प्रफुल्ल पाहील," मी म्हटलं. "तू बस ना जराशी."

"बसून बसून तं पाट झिजला, बाई. दिवाळीपासून बसूनच राह्यली मी."

मी कडीत अडकलेला तिचा पदर सोडवला. ती थांबली नाही. पदर सुटला तशी पुन्हा परसाकडे गेली, चुलीकडे.

तिकडेच तिचा जीव होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दिव्याचं, म्हणजे तिच्या नातीचं, साक्षगंध होतं, साखरपुडाच तो. वहिनीची सून नूतन म्हणत होती की ऊर्जानगरात वीजकेंद्राच्या कॉलनीचं सभागृह आहे, तिथंच करू. तिचं आणि वहिनीच्या मुलाचं, प्रफुल्लचं, सगळं आयुष्य त्याच क्वार्टरांत गेलेलं. पण मुलाकडच्यांनीच निरोप धाडला की आम्ही पोंभुर्ण्याच्या घरीच येतो, तुमच्या घरच्या लांब रोटीचं लय ऐकलं आहे. ऐकलं होतं ते चंचलकडून. प्रफुल्लची ही बहीण चामोर्शीलाच दिलेली. सोयरीक तिनंच जुळवली, आणि जुळवताना आईच्या हाताची कीर्ती पदरचं घालून सांगितली.

लांब रोटी आमच्या भागात पुष्कळ घरी होते. पण आमच्या घरात तिची एक रीत होती, माझ्या मायनं घालून दिलेली. नवे व्याही पहिल्यांदा जेवायला आले की त्यांच्यातल्या मोठ्या माणसाच्या ताटात पहिली रोटी पडायची ती घरच्या मोठ्या सुनेच्या हातची. बाकी स्वयंपाकाला आचारी असो, शेजारणी असोत. त्या चुलीवर त्या दिवशी दुसरं कोणी बसायचं नाही.

मायला रोटी करताना मी किती वेळा पाहिलं असेल! वस्त्रगाळ पीठ, पाणी जास्त, पोळीच्या कणकेहून कितीतरी सैल. ती परातीत उचलायची आणि आपटायची, उचलायची आणि आपटायची, हात वर नेला की कणीक मागोमाग दोरासारखी यायला लागेपर्यंत. मग एक गोळा घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. दोन्ही हात खांद्याच्या वर उचलून धरायचे आणि कणकेला तिच्याच वजनानं खाली उतरू द्यायचं, बोटांपासून कोपरापर्यंत, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडून द्यायची. मायचे हात थकले तेव्हा तिनं ती चूल रुखमावहिनीला दिली. वहिनी तेव्हा ऐन उमेदीत होती.

आणि त्याच वर्षी धाकटा भाऊ नानाजी शकूला लग्न करून घेऊन आला. शकू आली ती अंगापिंडानं काडीसारखी. पण आखाडीच्या दिवशी तिनं सहज म्हणून हातावर गोळा घेतला आणि तिची रोटी गुडघ्यापर्यंत उतरली. आरपार हातातल्या बांगड्या दिसत होत्या. आम्ही बायका पाहतच राहिलो. माय म्हणाली, "छान हाय पोरी. पण चूल मोठीची." बस, एवढंच. शकूनं हात धुतले. तेव्हापासून गावोगावच्या लग्नांत लोक तिला गाडी पाठवून नेत आले, पण आपल्या घरच्या त्या चुलीपुढं ती कधी बसली नाही. व्याही जेवायला आले की शकू ओसरीत लसूण सोलायची.

आजही ती तिथंच बसली होती, सुपात लसणाचा ढीग घेऊन. दोघे भाऊ आता नाहीत, दोन्ही जावा एकाच अंगणात दोन दारांनी राहतात. एकमेकींशी त्या भांडल्या असं मला कधी आठवत नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

वहिनी पडली ती धान कापणीच्या दिवसांत. शेताच्या धुऱ्यावरून पाय घसरला, उजवा हात टेकला आणि खांदा गेला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, आतली दोरी तुटली आहे, शिवावी लागेल. "पडल्यानं तुटली हे खरं," ते म्हणाले, "पण ती आधीच विरलेली होती. हात वर धरून करायचं काही काम करता का तुम्ही?"

"धान लावते, निंदते," वहिनीनं सांगितलं. रोटीचं ती बोलली नाही. बाजूला उभ्या नूतनच्या मात्र लगेच लक्षात आलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी निघताना बजावलं, "आजी, हा हात सध्या तुमचा नाही. माझा आहे. मी सांगेपर्यंत तो स्वतःच्या जोरानं उचलायचा नाही. त्यावर टेकून उठायचं नाही, मागं न्यायचा नाही, त्यानं ग्लाससुद्धा धरायचा नाही. झोपतानाही पट्टा." वहिनीला प्रफुल्लनं ऊर्जानगरला नेलं. आडवं झोपता येईना म्हणून उशा लावून अर्धवट बसून झोपायची. वेणी नूतननं घालायची, चोळीची गाठ नूतननं मारायची. सून हे सगळं न बोलता करत होती, आणि नेमकं तेच वहिनीला सोसवत नव्हतं.

पुढची गोष्ट नूतननं मला नंतर सांगितली. एका दुपारी ती भाजी घेऊन घरी आली तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता, थप्, थप्. आत जाऊन पाहते तो सासूबाई वाकून उभ्या, डावा हात ओट्याला टेकलेला, पट्टा गळ्यात लोंबतोय आणि शिवलेला उजवा हात स्टुलावरच्या परातीत कणीक आपटतोय.

"आई! हे काय करून राह्यल्या?"

"व्यायाम."

"व्यायाम?"

"ते पोरगीच तं सांगून गेली. वाका, हात खाली सोडा, अन् झुलवा. मी झुलवूनच राह्यली."

"अवो, पण ते कणकेत झुलवा म्हणली का?"

"रिकामा हात झुलवतांना मले येड्यासारखं लागते," वहिनी म्हणाली. "हात हालते तं काही कामाचं तरी होऊ दे."

नूतनला हसू आलं आणि मग भीती वाटली. व्यायाम शिकवायला येणारी ती मुलगी संध्याकाळी आली, तेव्हा ती हसली नाही. बोटांच्या बेचक्यांत सुकलेलं पीठ पाहून तिनं कपाळाला हात लावला. "आजी, झुलवणं म्हणजे हात सोडून देणं. दोराला बांधलेल्या लोट्यासारखा. अंग हललं म्हणून तो हलला पाहिजे. तुम्ही तर त्याला कामाला लावलं."

"पण दुखलं नाई ना मले."

"न दुखण्यावर जाऊ नका. आतला टाका उसवताना दरवेळी दुखेलच असं नसतं. आणि आता उसवला तर पुन्हा शिवायला आत धड कापड उरलेलं नाही. मग डोक्यावरचा पदर सावरायलासुद्धा हा हात वर जाणार नाही."

वहिनी बोटांतलं पीठ खरवडत राहिली. पण नूतननं तिला ओळखलं होतं. तिला माहीत होतं की सासूबाईंना ते पटलेलं नाही, फक्त ऐकून घेतलेलं आहे.

*

परसात चूल पेटली होती. मडकं पालथं घालून ठेवलं होतं, कणीक परातीत तयार होती. ती मळली होती चंचलनं. आपटून तिचे हात भरून आले होते, पण हातावर घ्यायची कला तिला कधीच आली नाही. ती घामाघूम होऊन बसली होती आणि तिथंच घरची पंचायत भरली होती.

"एकच रोटी," चंचल म्हणत होती. "शगुनाची. बाकीच्याले पुऱ्या हायेतच. एक रोटीनं काय होते नूतनवहिनी?"

"एक रोटीले हात दोनदा वर जाते का नाई?" नूतन म्हणाली. "मंग? टाका उसवायले एकदा गेला तरी पुरे."

"मी शब्द देऊन बसली त्यायले."

"तुम्ही शब्द देला, अन् हात आईचा."

चंचलला ते लागलं. तिची बाजूही अगदीच खोटी नव्हती. चामोर्शीत तिला त्याच लोकांत राहायचं होतं. माहेरचं एवढं सांगितलं, आणि ताटात पुऱ्या पडल्या तर उद्या बाजारात त्या बायका काय म्हणतील, हे तिला आत्ताच ऐकू येत होतं. आणि आणखी एक होतं. आई दिवाळीपासून नूतनवहिनीकडे राहिली, तिची वेणी वहिनीनं घातली, डॉक्टरकडे वहिनीनं नेलं. आता आईनं काय करावं हेही वहिनीच ठरवणार का? मी लेक कशाची मग?

"दादा, तू सांग," ती म्हणाली.

प्रफुल्ल खुर्च्या लावून आला होता. माझा हा भाचा ऊर्जानगरात बायकोचा असतो आणि पोंभुर्ण्याची वेस ओलांडली की बहिणीचा. तो डोकं खाजवत म्हणाला, "लहानशी केली तं? येवढीशी? हात जास्त वर नाई न्यावा लागणार."

"वा!" नूतन म्हणाली. "लांब रोटी, पण लहानशी! अन् त्या दिवशी दवाखान्यात तं मोठ्ठी मान हालवून राह्यले होते डॉक्टरच्या समोर."

"मंग शकूकाकू करन ना," प्रफुल्ल सुटका करून घेत म्हणाला. "काकूच्या हातची तं अख्खा तालुका खाते."

ओसरी काही लांब नव्हती. लसूण सोलण्याचा आवाज थांबला होता.

"तिले या चुलीची सवय नाई," वहिनी म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या चुलीवरून दोघींमध्ये झालेलं पहिलं बोलणं ते. शकूनं ओसरीतून उत्तर दिलं, मोठ्यानं, पण कोणाकडेही न पाहता. "खरं हाय. मले सवय नाई. माया हात लसणाचा हाय."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचं तोंड तांबडं झालं होतं, आणि लसणाची सालं सगळीकडे उडत होती. "तू तरी मनावर नको घेऊ," मी म्हटलं.

"मी कायले घेऊ मनावर?" ती म्हणाली. "परवा घोसरीले मी लग्नाच्या रोट्या केल्या. नवरदेवाचा आजा रडला, वच्छलाबाई. म्हणे माया मायच्यानंतर अशी नाई खाल्ली. अन् माया सोताच्या घरी मले सवय नाई."

"तूच उठून कर ना."

"नाई." तिनं पाकळी सुपात टाकली. "बोलावल्याशिवाय नाई उठणार. मेली तरी नाई."

तेवढ्यात रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजले.

*

पाहुणे मांडवात बसले. पाय धुणं झालं, पाणी झालं, चहा झाला. दिव्याला ओटीला बसवलं, मुलाच्या आईनं, रंजीताबाईनं, तिला कुंकू लावलं, साडी दिली. फोटो निघाले. दिव्या गोड दिसत होती. पण माझं लक्ष सारखं रुखमावहिनीकडे जात होतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, कोणी धक्का दिला तर उठेल अशी. पाहुण्या बायका हाताची चौकशी करत होत्या आणि ती तुटक उत्तरं देत होती. हो, पडली. हो, शिवला. होईन बरा.

तिला काय भीती होती हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तीच भीती मी मायच्या डोळ्यांत पाहिली होती. हात बरा होईल की नाही ही नव्हे. तो बरा होईस्तोवर घर तिच्यावाचून चालायला शिकेल, ही.

आचाऱ्यानं पानं मांडायला घेतली तशी ती उठली. मी मागोमाग गेले, नूतनही आली. चंचल चुलीला लाकडं घालत होती.

"चंचल, मागची कडी काढ," वहिनी म्हणाली.

चंचलनं आईकडे पाहिलं, मग नूतनकडे. तिचा हात आईच्या पाठीमागे गेला आणि तिथंच थांबला. मघापासून हट्ट धरणारी तीच, पण आता खरंच कडी हाताशी आल्यावर तिची बोटं चालेनात. "आई, राहू दे का?" ती हळूच म्हणाली.

"काढ म्हणते ना!"

कडी निघाली. पट्टा सैल झाला आणि हात खाली आला. दिवाळीपासून बांधलेला हात. दंड केवढासा झाला होता, दुसऱ्या कोणाचा असावा असा. वहिनीनं तो परातीकडे नेला.

नूतन मध्ये आली. तिनं काही भाषण केलं नाही. साक्षगंधासाठी घेतलेल्या जरीच्या साडीच्या मिऱ्या खोचल्या, परातीतून कणकेचा गोळा उचलला आणि आपल्याच हातावर घेतला.

"नूतन, तुले येते का?" मी म्हटलं.

"नाई येत," ती म्हणाली. "पण घरची सून तं मी बी हाय ना."

बायकांच्या हातांकडे पाहून शिकता येतं असं तिला वाटलं असावं. तिनं हात वर केले. कणीक थोडी उतरली, मग एकाच बाजूनं घसरली, कोपरावरून खाली आली. नूतननं दुसरा हात पुढं केला तशी अर्धी त्या हाताला चिकटली आणि अर्धी जरीवर. तिनं उरलेली मडक्याकडे फेकली. ती मडक्याच्या काठाला लागून राखेत गेली. धूर झाला.

चंचल फिस्सकन हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. दारात उभ्या शेजारणी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"वहिनी, मोबाइलवर पाहून नाई येत हे," चंचल म्हणाली.

"नाई ना येत," नूतन म्हणाली. डोळ्यांत धुरानं पाणी आलं होतं, धुरानंच की कसं कोण जाणे. तिनं दुसरा गोळा उचलला. "पुन्हा करते. परात संपेपर्यंत करते. मंग तं आईले करायले काही उरणार नाई."

आता कोणी हसलं नाही. वहिनी सुनेकडे पाहत राहिली. लेकीच्या साक्षगंधात, व्याही मांडवात बसलेले असताना, आईनं असं स्वतःचं हसं करून घ्यावं! आणि तेही कशासाठी, तर सासूनं हात उचलू नये म्हणून. दुसरी रोटीही फाटली. तिसरा गोळा नूतननं घेतला तेव्हा वहिनीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"बस झालं. कणीक नको नासवू."

मग ती वळली आणि ओसरीकडे तोंड करून तिनं हाक मारली.

"शकू! ये व. चुलीवर बस."

शकू दारात आली. घाईनं नाही. हाताला लसणाचा वास, केसांत एक साल अडकलेलं. ती उंबऱ्यातच थांबली.

"आज हात मोडला म्हणून मी आठवली का, बाई?"

"हो," वहिनी म्हणाली. "नसता मोडला तं नसती आठवली."

मला वाटलं, आता झालं. शकू पाठ फिरवून जाणार आणि मांडवात पुऱ्याच जाणार. पण शकू हसली. बायकांनी नुसतं गोडगोड बोलावं आणि मनात वेगळंच ठेवावं, याची तिला इतकी सवय झाली होती की खरं बोलणं ऐकून तिला हसूच आलं.

"मी बसते," ती म्हणाली. "पण एक आयकून घे. आज देली तं देली. तुया हात चांगला झाला, डॉक्टरनं वापस देला, अन् मंग तू म्हणशीन की शकू, ऊठ. तं मी उठणार नाई."

चंचल म्हणाली, "काकू, हे काय आता? हे बोलाची वेळ हाय का?"

"हेच वेळ हाय," शकू म्हणाली. "दुसऱ्या वेळेले मले कोणी विचारत नाई."

वहिनीनं आपल्या लोंबत्या हाताकडे पाहिलं. बोटं थोडी हलवली. तो हात वर जाणार होता, आज ना उद्या. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, पथ्य पाळलं तर. म्हणजे आज तो वाचवायचा, महिनोन्‌महिने रिकामा झुलवायचा, आणि बरा झाल्यावर ज्यासाठी तो हवा होता तेच हातात नसणार. हा हिशेब तिच्या तोंडावर उमटत गेला आणि मी तो पाहत होते. मध्येच तिनं नूतनकडे पाहिलं. नूतनच्या कोपरापर्यंत कणीक वाळत होती.

"नाई मांगत वापस," वहिनी म्हणाली. "बस."

शकूनं हात धुतले. पाटावर बसली आणि गोळा घेतला. एकदा या हातावर, एकदा त्या हातावर. मग तिनं दोन्ही हात वर नेले आणि कणीक उतरायला लागली. मी किती तरी वर्षांनी ती या परसात उतरताना पाहत होते. शकूचे केस पांढरे झाले होते, पण हात तेच होते. रोटी मडक्यावर पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

वहिनी ते पाहत उभी होती. नूतननं तिचा हात उचलून पट्ट्यात घातला आणि मागची कडी लावली. ह्या वेळी वहिनीनं हाताला हिसका दिला नाही.

पहिली रोटी मुलाच्या आज्याच्या, म्हणजे रंजीताबाईंच्या सासऱ्यांच्या, ताटात गेली. प्रफुल्ल स्वतः घेऊन गेला. थोड्या वेळानं मांडवातून आणखी मागणी आली, मग आणखी. चंचलचा जीव भांड्यात पडला होता आणि ती दारातून आत-बाहेर करत होती. तेवढ्यात रंजीताबाईच परसात आल्या. हातात रोटीचा तुकडा होता.

"चंचलताईनं सांगतलं होतं ते खोटं नाई वो," त्या म्हणाल्या. "आमचे मामाजी तं बोलूनच नाई राह्यले, खाऊन राह्यले नुसते." मग त्यांची नजर वहिनीच्या पट्ट्याकडे गेली. "पण तुमचा हात तं बांधून हाय. मंग केली कोणी?"

शकूची पाठ आमच्याकडे होती, धुरात. तिनं मान वळवली नाही, पण तिचे हात थांबले.

चंचल चटकन पुढं झाली. "आईनंच करून घेतली ना! जवळ उभी राहून, सांगून सांगून. हात काकूचा, पण रोटी आईचीच."

बोलून तिनं आईकडे पाहिलं. वहिनीनं फक्त गप्प राहायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. रंजीताबाई समाधानानं बाहेर गेल्या असत्या आणि चामोर्शीत तीच गोष्ट कायमची झाली असती. मी वहिनीच्या तोंडाकडे पाहत होते. एक क्षण असा आला की मला वाटलं, ती गप्पच राहणार.

"मी काय सांगणार तिले?" वहिनी म्हणाली. "रोटी शकूचीच हाय. तिची मायाहून लांब उतरते. आजची गोष्ट नाई, ती या घरात आली तेव्हापासूनची."

चंचलचं तोंड उघडंच राहिलं. रंजीताबाई "हो का?" म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. शकूनं मडक्यावरची रोटी दोन्ही हातांनी उचलली, घडी घातली आणि मग एकदम सगळ्यांवर खेकसली.

"बोलत काय बसल्या व साऱ्या जणी? थंडी होऊन राह्यली हे! न्या ना कोणी तरी!"

जवळ वहिनीच उभी होती. तिनं डावा हात पुढं केला. शकूनं क्षणभर पाहिलं, ताटली त्या हातावर नीट बसवली, सोडण्याआधी एकदा दाबून पाहिली, आणि वहिनी ती घेऊन मांडवाकडे चालायला लागली.